ओटीपी कुणाला देऊ नका म्हणतात, मग ज्यांना दिसत नाही त्यांनी काय करायचं?

तुमचा प्रश्न असा आहे: आत्याला दिसत नाही. २०२१ मध्ये तिच्या लसीची नोंदणी तुम्ही केलीत, तिच्या फोनवर आलेला ओटीपीही तुम्हीच बघून टाकलात. तेव्हा लागलेली सवय आता बँकेच्या कामांतही शिरली आहे आणि ती शेजारच्या मुलाच्या हातात बिनधास्त फोन देते. तिला समजवायचं कसं?

मी स्वतः दृष्टिहीन आहे आणि माझ्यासारख्यांना स्मार्टफोन शिकवतो. आधी एक विनंती करतो, आत्याला रागावू नका. ही सवय तिला त्या व्यवस्थेने लावली. जिथे माणसाला स्वतःचं काम स्वतः करता येत नाही, तिथे तो ओटीपी दुसऱ्याला देणारच. त्याच्यापुढे दुसरी वाटच ठेवलेली नसते.

तो काळ आठवून बघा. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयाच्या लोकांचं लसीकरण सुरू झालं आणि सुरुवातीला त्यांना कोविन या लसनोंदणीच्या सरकारी वेबसाइटवर नोंदणी केल्याशिवाय लस मिळत नव्हती. थेट केंद्रावर जाऊन नाव नोंदवायची सोय २४ मे रोजी जाहीर झाली, तीही सरकारी केंद्रांवर. स्लॉट उघडला की क्षणात भरायचा. ज्यांची बोटं झरझर चालत होती अशी पुण्या-मुंबईची मंडळी खेड्यातल्या केंद्रांवरचे स्लॉट घेऊन गाडीने तिथे पोचत होती. मराठीतून कोविन आलं ते जूनमध्ये.

आता याच पानावर डोळे नसलेला माणूस बसवा. आम्ही स्क्रीन रीडर वापरतो, म्हणजे पडद्यावर जे आहे ते फोन बोलून दाखवतो. कॅप्चा, म्हणजे समोर माणूसच आहे ना हे तपासायला दाखवलेली वेडीवाकडी अक्षरं, हे नुसतं चित्र. ते फोनला वाचता येत नाही आणि ऐकू येणारा पर्याय दिलेलाच नव्हता. किती जागा शिल्लक आहेत ते कळायचं, पण त्या कोणत्या तारखेच्या ते कळायचं नाही. कीबोर्डवरून पानात फिरता येत नव्हतं. हे माझं एकट्याचं गाऱ्हाणं समजू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ मे २०२१ च्या आदेशात या त्रुटी एकेक करून नोंदवल्या आहेत. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ चा, त्याच्या ४२ व्या कलमात माहिती-तंत्रज्ञान सर्वांना वापरता येईल असं असावं हे स्पष्ट लिहिलेलं आहे. पाच वर्षांनी देशातली सर्वांत निकडीची वेबसाइट बनली आणि त्यात आम्ही नव्हतो. याचा मला आजही संताप येतो.

आणि तेव्हा मदत मागणंही अवघड होतं. आम्ही रस्ता ओलांडतो तो कुणाच्या तरी दंडाला धरून. अंतर ठेवा म्हटल्यावर तो दंडही गेला. म्हणून तर ऑनलाइन सोयीची आम्हाला सगळ्यांत जास्त गरज होती.

फसवणुकीचंही तसंच. मार्च २०२० मध्ये कोविडच्या मदतीसाठी काढलेल्या पीएम केअर्स निधीच्या नावाने खोटा यूपीआय आयडी फिरत होता, खऱ्या नावातला शेवटचा ‘एस’ तेवढा गाळलेला. बघणाऱ्याच्या नजरेला तो निदान खटकू शकतो. स्क्रीन रीडर भरभर वाचतो तेव्हा ‘पीएमकेअर’ आणि ‘पीएमकेअर्स’ कानाला जवळपास सारखेच लागतात. पुढच्या वर्षी लसनोंदणीच्या नावाखाली एक लिंक एसएमएसने फिरली. ती उघडून ॲप घेतलं की फोनमधल्या सगळ्या नंबरांना तोच एसएमएस जायचा. ‘अनोळखी लिंक नीट बघून घ्या’ हा सल्ला बघणाऱ्यांसाठी आहे. आमच्यासाठी सल्ला वेगळा हवा: अक्षर अक्षर ऐकून घ्या. टॉकबॅकमध्ये, म्हणजे अँड्रॉइड फोनमधल्या स्क्रीन रीडरमध्ये, वाचनाचं माप ‘अक्षरे’ असं बदलता येतं. आत्याला सगळ्यांत आधी हेच शिकवा.

मग इअरफोन. टॉकबॅक बोलतो ते शेजारच्यालाही ऐकू जातं, म्हणून बँकेचं काम एका कानात इअरफोन घालूनच करायचं. पडदा काळा ठेवायची सोयही आहे, आयफोनमध्ये तर ती फार जुनी आहे. ओटीपीचा मेसेज पूर्ण ऐकायची सवय लावा. नुसते आकडे ऐकून थांबायचं नाही, बहुतेक मेसेजमध्ये रक्कम आणि कारणही असतं. कुणाकडून पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, हे तिच्याकडून चार वेळा म्हणवून घ्या. आणि ‘ताई, मी इथूनच करून देतो’ म्हणत कुणी पडदा शेअर करायचं ॲप घ्यायला लावलं, तर फोन ठेवून द्यायचा.

मदत घ्यावी लागतेच, तेव्हा मदतनीस एकच ठरवा, तोही घरचा. यूपीआयसाठी थोडेच पैसे असलेलं वेगळं खातं ठेवा, मोठी रक्कम त्याला जोडूच नका. स्मार्टफोन जमतच नसेल तर साध्या फोनवरून बोलत बोलत चालणारी यूपीआय १२३पे सेवा २०२२ पासून आहे. नोट ओळखायला रिझर्व्ह बँकेचं ‘मनी’ ॲप आहे, ते इंटरनेटशिवायही चालतं. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. पैसे पुढे सरकायच्या आत अडवता येतात, म्हणून उशीर करू नका.

शेवटचं काम मात्र तुमचं आहे, आत्याचं नव्हे. बँकेच्या ॲपमध्ये जिथे ती अडते, तिथे तिच्या नावाने लेखी तक्रार करा. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. केवायसीसाठी, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवण्यासाठी, डोळ्यांची उघडझाप करून दाखवण्याला पर्याय द्या, असंही त्या निकालात आहे. निकालाची तारीख तक्रारीत घाला, कोणत्या पानावर कोणतं बटण वाचलं जात नाही ते लिहा आणि पोच घ्या. आत्या नेमकी कुठे अडते ते इथे कळवलंत, तर मजकूर लिहायला मी मदत करतो.