अमेरिकेत एचओए असलेल्या वस्तीत घर घ्यावं का?

घ्यायला हरकत नाही, पण आधी कागदपत्रं वाचा. एचओए (होमओनर्स असोसिएशन) म्हणजे वस्तीतल्या घरमालकांची संघटना, आणि ती बहुधा ऐच्छिक नसते. घर घेतलं की तुम्ही आपोआप सभासद, आणि नियम मालमत्तेच्या सरकारी नोंदीत असल्याने 'मला ठाऊक नव्हतं' ही सबब चालत नाही.

फायदा म्हणजे बाग, पोहण्याचा तलाव, कधी रस्तेही दुसरं कुणी सांभाळतं. बदल्यात दाराच्या रंगापासून कुंपणाच्या उंचीपर्यंत परवानगी काढा. संघटनेच्या मंडळावर शेजारीच निवडून येतात. त्यात एखादा हौशी शिस्तप्रिय निघाला की संपलंच! मात्र सगळं त्यांच्या मर्जीवर नसतं. एफसीसी या दूरसंचार नियामक संस्थेच्या १९९६ च्या नियमामुळे तुमच्या स्वतःच्या जागेत एक मीटरपर्यंतची टीव्हीची डिश ते सहसा अडवू शकत नाहीत.

माझ्या मते रंगाची कटकट किरकोळ, खरा धोका पैशांचा. राखीव निधी तोकडा असेल तर मोठ्या दुरुस्तीसाठी अचानक जादा वर्गणी येते. ती थकली तर घरावर बोजा चढतो आणि अनेक राज्यांत घर जप्तही होऊ शकतं, गृहकर्जाचे हप्ते वेळेवर भरत असलात तरी. उलट वर्गणी कमी ठेवून कामं ढकलणंही महागात पडतं. फ्लोरिडातल्या सर्फसाइडची इमारत २०२१ मध्ये कोसळून ९८ माणसं गेली. तिथे मोठ्या दुरुस्तीच्या खर्चावरून फ्लॅटधारकांत वाद चालू होते.

तेव्हा राखीव निधीचा अहवाल आणि मागच्या दोन वर्षांच्या बैठकांची इतिवृत्तं मागा. द्यायला टाळाटाळ झाली तर दुसरं घर बघा.