कार घ्या, पण ड्युटीला जाण्यासाठी नको

तुमचं पत्र वाचलं. तुम्ही कोल्हापुरात फुलेवाडीत राहता, नोकरी गोकुळ शिरगावात, रोजचं जाणं-येणं 30 किलोमीटर. दसरा चौकात नि कावळा नाक्यावर दुचाकी अडकते म्हणून वैतागून 8 लाखांची नवी कार घ्यायची म्हणता. डाउन पेमेंट 1 लाख, बाकी कर्ज. घरात दोघांचे मिळून 58,000 येतात, खर्च जाऊन 24,000 उरतात. शिल्लक 1,60,000.

साडेनऊ टक्क्यांनी 7 लाख, 7 वर्षं, म्हणजे हप्ता साधारण 11,440. नुसतं व्याजच 2 लाख 60 हजारांच्या घरात. महिन्याला 750 किलोमीटर, गर्दीत लिटरला 14 चं ॲव्हरेज आणि पेट्रोल 105 रुपये धरलं, तर 5,600. विमा आणि सर्व्हिसिंगचे महिन्याला 3,000 तरी बाजूला काढावेच लागतील. झाले 20,000. दुचाकीचं पेट्रोल वाचेल, ते फार तर 1,750. एवढं करून सिग्नलला तुम्ही तिथंच उभे, फक्त एसीत. उलट दुचाकी फटीतून पुढं तरी सरकते.

केएमटीच्या सिटी बसचं म्हणाल तर वहिनींसाठी ती नक्की चालेल. त्यांचं ऑफिस शाहूपुरीत, वेळ ठरलेली. महिनाभर पास काढून बघा, रोजचे रिक्षाचे पैसे वाचतील. तुमची दुसरी पाळी रात्री साडेअकराला सुटते. त्या वेळी बसच्या भरवशावर राहा असं मी सांगणार नाही. तुमच्यासाठी दुचाकीच बरी. पावसाळ्यात हाल होतात, हे मलाही मान्य आहे. चांगला रेनकोट आणि नवे टायर यांवर मात्र हात आखडू नका.

तुमच्या पत्रातली खरी गरज मला शेवटच्या ओळीत सापडली: बाबांचे गुडघे. त्यांना दवाखान्यात न्यायचं, कधी जोतिबाला, कधी नृसिंहवाडीला. महिन्यातून चार वेळा भाड्याची गाडी केली आणि खेपेला 1,500 मोजले, तरी 6,000 होतात. आईवडिलांसाठी खर्च करताना मन मागंपुढं होऊ नये, म्हणून हे पैसे महिन्याच्या सुरुवातीलाच वेगळे काढा.

वर दरमहा 12,000 आवर्ती ठेवीत टाका. दीड वर्षात 2,16,000 मुद्दल जमेल. आजच्या 1,60,000 ला हात लावू नका. डाउन पेमेंट भरलंत तर हाताशी 60,000 उरतील, म्हणजे दोन महिन्यांचा घरखर्चसुद्धा नाही. पुढं जमलेल्या रकमेत थोडी भर घालून चांगली जुनी कार बघा. मात्र 2019 आणि 2021 च्या पुरात बुडालेली गाडी नाही ना, हे मेकॅनिककडून सीटखाली, कार्पेटखाली तपासून घ्या. विमा घेताना इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑनही घ्या, कारण साध्या पॉलिसीत पाणी शिरून बिघडलेल्या इंजिनाची भरपाई सहसा मिळत नाही.

बाबांना आठवड्यातून दोनदा न्यावं लागायला लागलं, तर दीड वर्ष थांबू नका. तेव्हा जुनी गाडी लगेच घ्या, फक्त कर्ज 2 लाखांच्या वर आणि 3 वर्षांच्या पुढं जाऊ देऊ नका.