वारेत दोष, मग बाळातही?

प्रश्न : सुनेला बारावा आठवडा लागल्यावर वारेचा तुकडा काढून तपासला. ‘१६ नंबरचं गुणसूत्र काही पेशींत तीन’ असा रिपोर्ट आलाय. सोनोग्राफी चांगली आहे. गर्भ ठेवावा का?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : एवढ्या एका रिपोर्टवर गर्भपाताचं ठरवू नका. वार आणि बाळ एकाच फलित अंड्यातून होतात, पण पहिल्या काही दिवसांतच त्यांच्या पेशी वेगळ्या वाटांना लागतात. म्हणून दोष कधी कधी वारेपुरताच राहतो. या तपासणीत शंभरात एक-दोघींना असं आढळतं. (आईच्या रक्तातून बाळाची गुणसूत्रं तपासणारी एनआयपीटी चाचणीही वारेचाच डीएनए वाचते, तेव्हा त्यावर पैसे घालवू नका.)

सोळा आठवडे झाले की गर्भजल तपासणी करून घ्या. पोटातून बारीक सुईने साधारण २० मिलि पाणी काढतात. त्यात बाळाच्या पेशी असतात. १६ नंबरच्या गुणसूत्राच्या दोन्ही प्रती एकट्या आईकडूनच आल्यात का (एरवी एक आईकडून, एक वडिलांकडून येते), हेही तपासायला सांगा.

पाणी निर्दोष आलं तरी १६ नंबरच्या बाबतीत गाफील राहून चालत नाही. अशी वार कमी पडली, तर बाळाची वाढ खुंटते, आईचा बीपी चढतो, दिवस भरण्याआधीच कळा येतात. लहान डोसची ॲस्पिरिन द्यायची का, हे डॉक्टरांना आत्ताच विचारा. सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू केली तरच तिचा नीट उपयोग होतो. २४व्या आठवड्यापासून दर तीन-चार आठवड्यांनी डॉप्लरसह (रक्तप्रवाहाच्या तपासणीसह) वाढीची सोनोग्राफी, आणि दर भेटीत बीपी व लघवीतली प्रथिनं. बाळंतपण मात्र सांगली-मिरजेत, नवजात अतिदक्षता विभाग असेल तिथेच ठरवा.