पहिली कोलोरॅडो: सुरुवात कुठून करावी

अमेरिकन यादवी युद्धातली सरहद्दीवरची पलटण अभ्यासायला तुम्ही पहिली कोलोरॅडो निवडलीत, हे फार चांगलं केलंत. १८६१ मध्ये उत्तरेच्या (केंद्र सरकारच्या) बाजूने उभी राहिलेली ही स्वयंसेवकांची पलटण, त्यात खाणकामगारांचा मोठा भरणा.

आधी फक्त मार्च १८६२ मधली, न्यू मेक्सिकोतल्या ग्लोरिएटा खिंडीची लढाई धरा, आणि नकाशा शेजारी ठेवूनच वाचा. २८ मार्चला पिजन्स रँचपाशी मुख्य लढत जुंपलेली असताना पहिल्या पलटणीच्या मेजर चिव्हिंग्टनची तुकडी डोंगरावरून वळसा घालून जॉन्सन्स रँचवर उतरली आणि तिने टेक्ससवाल्यांच्या, म्हणजे दक्षिणेच्या फौजेच्या, रसदीच्या गाड्या जाळल्या. मैदानात मागे हटलेल्या उत्तरेच्या बाजूने मोहीम कशी जिंकली, ते नकाशावर लगेच उमगतं.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- पहिली आणि तिसरी कोलोरॅडो यांची गल्लत. तिसरी म्हणजे १८६४ मधली शंभर दिवसांची घोडदळ पलटण. पहिली पलटणही १८६२ च्या अखेरीस पायदळाची घोडदळ झाली, त्यामुळे कागदपत्रांत नाव बदललेलं दिसेल.
- म्हातारपणी लिहिलेल्या आठवणींवर भिस्त. त्या काळचे अहवाल आणि पत्रं आधी वाचा.

आणि कृपा करून ग्लोरिएटावर थांबू नका. २९ नोव्हेंबर १८६४ ला याच चिव्हिंग्टनने कोलोरॅडोतल्या सँड क्रीकला शायेन आणि अरापाहो या मूळनिवासी लोकांची कत्तल घडवली. बळींमध्ये बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. पहिल्या पलटणीच्या कॅप्टन सायलस सोलने मात्र आपल्या शिपायांना गोळी झाडू दिली नाही. त्याने आपल्याच पलटणीच्या मेजर विनकूपला लिहिलेलं पत्र वाचाच. गणवेश, बंदुका, हजेरीपट यांचा कीस नंतर काढू.