वाचकांचे प्रश्न: कॅराव्हॅन ओढायचीय? आधी वजनकाट्यावर चला

मागच्या अंकात ट्रेलर-कॅराव्हॅनचा, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायच्या फिरत्या घराचा, नुसता उल्लेख केला होता, तर ठाणे-नवी मुंबईतून भरपूर पत्रं आली. त्यातली चार इथे घेतोय.

प्रश्न: दादा, मी घोडबंदर रोडला राहतो. माझ्याकडे सात सीटर डिझेल एसयूव्ही आहे, ऑटोमॅटिक. भिवंडीच्या एका फॅब्रिकेटरकडून कॅराव्हॅन ट्रेलर बनवून घेतोय, तो म्हणतो वजन बाराशे किलोच्या आसपास भरेल. दिवाळीत कसारा घाटातून नाशिकला आणि तिथून पुढे जायचा प्लॅन आहे. गाडीला टो हिच (ट्रेलर जोडायचा बॉलवाला हुक), मागे एअर सस्पेन्शन आणि इंजिन रिमॅप (पॉवर वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलणं) असं सगळं एकदम करून घेऊ का? पॉवर पुरेल ना?

उत्तर: पॉवरची काळजी सोडा हो. मोठी डिझेल एसयूव्ही टन-सव्वा टन ओढून नेते, खरा प्रश्न तेवढं वजन थांबवायचा आणि सरळ ठेवायचा आहे. रिमॅपचे पैसे ब्रेकमध्ये घाला.

पहिलं काम घरबसल्या होतं. गाडीचं मॅन्युअल काढा आणि टोइंगचं पान वाचा. तिथे किती किलो ओढायची परवानगी आहे ते ब्रेकवाल्या आणि बिनब्रेकच्या ट्रेलरसाठी वेगवेगळं दिलेलं असतं. आपल्याकडच्या मॉडेलच्या पुस्तकात आकडाच नसेल किंवा ट्रेलर लावू नका असं स्पष्ट लिहिलं असेल, तर त्याच नावाची गाडी परदेशात तीन टन ओढते म्हणून तो आकडा धरू नका, तिकडच्या गाडीचं कूलिंग, गिअर रेशो, चासीवरचे हिचचे पॉइंट वेगळे असू शकतात. कंपनीला लेखी विचारा, आणि नाही म्हणाले तर विषय तिथेच संपला.

दुसरं, बाराशेच्या आसपास म्हणजे नक्की किती? रिकामी कॅराव्हॅन की भरलेली? १०० लिटरची पाण्याची टाकी भरली की १०० किलो वाढले, घरगुती गॅसचा भरलेला सिलिंडर ३० किलोच्या आसपास, वर बॅटरी, एसी, गाद्या, भांडी, कपडे, पोरांच्या सायकली. बघता बघता अडीचशे-तीनशे किलो चढतात आणि ते फॅब्रिकेटरच्या हिशोबात कुठेच नसतात. म्हणून निघायच्या आधी सगळं सामान भरून, टाकी भरून, घरातल्या सगळ्यांना गाडीत बसवून वजनकाट्यावर जा. भिवंडीच्या गोडाऊनपट्ट्यात काट्यांना तोटा नाही, नवी मुंबईवाल्यांना तुर्भे आणि कळंबोली आहे. आधी नुसती गाडी पूर्ण काट्यावर, मग फक्त तिची पुढची चाकं. मग ट्रेलर जोडून पुन्हा पुढची चाकं, मग पूर्ण गाडी (ट्रेलरची चाकं काट्याबाहेर), आणि शेवटी फक्त ट्रेलरची चाकं. काटेवाला वैतागेल, पण या पाच पावत्यांत तुमच्या गाडीची सगळी कुंडली आहे.

त्यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे हिचच्या बॉलवर येणारं वजन, त्याला नोज वेट म्हणतात. चौथ्या पावतीतून पहिली वजा केली की ते मिळतं. ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या साधारण दहा टक्के धरून चला, पण हिचवर आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या कमाल आकड्याच्या वर नाही. आता गंमत बघा. समजा बॉलवर १२० किलो आले, बॉल मागच्या अ‍ॅक्सलच्या १.२ मीटर मागे आहे आणि गाडीचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) २.७५ मीटर. तर मागच्या चाकांवर १२० नाही, जवळपास १७२ किलो वाढतात, आणि वरचे ५२ किलो पुढच्या चाकांवरून उचलले जातात. सी-सॉसारखंच आहे हे. म्हणजे ज्या चाकांनी वळायचं आणि ब्रेकिंगचा मोठा वाटा उचलायचा तीच हलकी झाली, वर हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत.

इथेच एअर सस्पेन्शनचं उत्तर येतं. मागे सस्पेन्शनच्या एअरबॅग (हवेच्या पिशव्या) टाकल्या की गाडीची शेपटी वर उचलली जाते, दिसायला एकदम लेव्हल, पण पुढच्या चाकांवरून गेलेलं वजन परत येत नाही. ते परत आणायचं तर वेट डिस्ट्रिब्यूशन हिच लागतो, त्याचे स्प्रिंग बार ताणले की काही वजन पुढच्या चाकांवर आणि काही ट्रेलरच्या चाकांवर जातं. तोसुद्धा गाडी आणि हिच बनवणाऱ्यांची परवानगी असेल तरच. आणि बंपरच्या पट्टीला वेल्डिंग करून हुक देणाऱ्याकडे कृपा करून जाऊ नका, हिच चासीला नट-बोल्टनं बसला पाहिजे, त्यावर किलोच्या मर्यादेची प्लेट पाहिजे, आणि बॉल आणि कपलर (ट्रेलरच्या दांड्याच्या टोकाची, बॉलवर बसणारी वाटी) एकाच मापाचे. ५० एमएमच्या कपलरखाली त्याहून लहान, १-७/८ इंची बॉल आला तर वरून बसल्यासारखा वाटतो आणि खड्ड्यात उडून सुटतो. सेफ्टी चेन दोन, बॉलच्या खालून एकमेकींना क्रॉस करून, म्हणजे कपलर सुटला तरी दांडा रस्त्यात न रुतता चेनवर झेलला जातो.

आता ब्रेक. युरोपात आणि ऑस्ट्रेलियात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत, तुमचा तर दीड टनाकडे निघालाय. फॅब्रिकेटरला आजच सांगा, ब्रेकशिवाय डिलिव्हरी घेणार नाही. ओव्हररन ब्रेक स्वस्त पडतो, ट्रेलर मागून ढकलायला लागला की आपोआप लागतो, पण लांब उतारावर ट्रेलर सतत ढकलतच असतो त्यामुळे तो सतत घासत राहून तापतो. घाटात फिरणार असाल तर माझं मत इलेक्ट्रिक ब्रेक आणि केबिनमध्ये कंट्रोलर. रिकाम्या सपाट रस्त्यावर ३०च्या स्पीडला कंट्रोलरचा हाताचा लिव्हर दाबून बघा, ट्रेलरनं गाडीला मागे खेचल्यासारखं जाणवलं पाहिजे पण चाकं लॉक व्हायला नकोत, तिथे सेटिंग ठेवा. ट्रेलर सुटलाच तर आपोआप ब्रेक लावणारी ब्रेकअवे केबल वेगळी, ती गाडीच्या फ्रेमला अडकवायची, सेफ्टी चेनला किंवा बॉलला नाही.

गाडीच्या ब्रेकचं ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर निघायच्या आधी बदला. ते हवेतली ओल शोषतं आणि आपल्या खाडीकाठच्या हवेत ओलीला काय कमी. नवीन डॉट ४ ग्रेडचं ब्रेक ऑइल किमान २३० डिग्रीला उकळतं, ओल शोषलेल्यासाठी हीच मर्यादा १५५ वर येते. उतारावर तापलेल्या ब्रेकमध्ये ते उकळलं की पेडल सरळ तळाला जातं.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला जास्त त्रास चढावर संथ ट्रॅफिकमध्ये होतो. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) घसरत राहतो, ऑइल तापतं. ऑइल नवीन हवं आणि वेगळा ऑइल कूलर बसवता येत असेल तर बसवाच. चढावर अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवू नका, ब्रेक लावा. जाताना कसाऱ्याचा चढ, येताना उतार, आणि उतरताना मॅन्युअल मोडमध्ये खालच्या गिअरला या, घाट सुरू व्हायच्या आधीच गिअर पाडायचा. मागच्या टायरमध्ये दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर फुल लोडसाठी दिलेली हवा भरा. आरसे एक्स्टेंशनचे घ्या, कॅराव्हॅन गाडीपेक्षा रुंद असेल तर मागचं काहीही दिसणार नाही.

आणि कागदपत्रं. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये ट्रेलरसुद्धा मोटार वाहनच आहे, म्हणजे त्याची स्वतःची नोंदणी आणि नंबर प्लेट लागते. घोडबंदरवाले एमएच ०४ च्या आरटीओत, वाशीकडचे एमएच ४३ मध्ये. फॅब्रिकेटरला अ‍ॅडव्हान्स द्यायच्या आधी विचारा की तुझ्या डिझाइनला मान्यता आहे का आणि नोंदणीचे कागद तू देणार का. त्यानं नजर चुकवली तर दुसरा बघा, बिननोंदणीच्या ट्रेलरनं अपघात झाला तर क्लेमच्या वेळी गाडीचा इन्शुरन्सही अडकू शकतो.

प्रश्न: भाऊ, मी वाशीहून लिहितेय. मुलगा ब्रिस्बेनला असतो, त्यानं २८०० किलोची सेकंडहँड कॅराव्हॅन घेतलीय. त्याचा पिकअप ३५०० किलो ओढतो असं कंपनीनंच लिहिलंय म्हणे. जानेवारीत आम्ही दोघं जातोय, सगळे मिळून पाच जण फिरणार. मला धाकधूक वाटते तर म्हणतो, आई तुला त्यातलं काय कळतं. त्याला काय विचारू?

उत्तर: ताई, तुमची धाकधूक अगदी योग्य आहे. त्याला विचारा की तुझ्या पिकअपचा जीव्हीएम आणि जीसीएम किती? जीव्हीएम म्हणजे भरलेल्या गाडीची कमाल मर्यादा, जीसीएम म्हणजे गाडी आणि कॅराव्हॅन मिळून. ३५०० हा मोठा आकडा जाहिरातीत असतो, हे दोन बारीक अक्षरात.

एक उदाहरण देतो, आकडे समजण्यापुरते. पिकअप रिकामा २२०० किलो, जीव्हीएम ३०५०, जीसीएम ६०००. म्हणजे गाडीत ८५० किलो चालतात. पण बॉलवरचं वजन गाडीच्या खात्यात पडतं, २८०० चे दहा टक्के म्हणजे २८०. उरले ५७०. पाच माणसं ७५ किलोच्या हिशोबानं ३७५, उरले १९५. त्यात बुलबार (पुढच्या बंपरवरचा लोखंडी गार्ड), छतावरचा रॅक, दुसरी बॅटरी, फ्रिज, आणि तुम्ही नेणार ते लाडू-लोणची. संपलं. आणि तोच पिकअप खरंच ३५०० ची कॅराव्हॅन ओढायला निघाला तर ६००० मधून गाडीसाठी २५०० उरतात, म्हणजे माणसं-सामान मिळून ३०० किलो. ३५०० ओढतो हे खरंच आहे, पण मग पाच जण बसत नाहीत.

तिकडे २००० किलोच्या वरच्या ट्रेलरला सगळ्या चाकांना ब्रेक आणि ब्रेकअवे सिस्टीम लागते, ती चालू आहे का तेही विचारा. आणि सेकंडहँड आहे म्हणून टायरचा फोटो मागवा. टायरच्या बाजूला डॉट कोडच्या शेवटी चार आकडे असतात, २३१७ असेल तर २०१७ सालचा २३वा आठवडा. कॅराव्हॅन वर्षातले बरेच महिने उन्हात उभी असते, टायरची नक्षी नव्यासारखी दिसते आणि रबर आतून कडक होऊन गेलेलं असतं. असा टायर फोटोत छान दिसला तरी बदलायला सांगा.

प्रश्न: नेरूळ. ट्रेलरचे मागचे लाइट पावसात वेडेवाकडे लागतात, इंडिकेटर दिला की टेललाइटपण लुकलुकतो.

उत्तर: अर्थिंग गेलंय. सात पिनच्या सॉकेटचं झाकण उघडून टॉर्च मारा, पितळी पिनांवर हिरवट पांढरा थर दिसेल. थर खरवडून साफ करा, अर्थची पिन (ठरलेल्या पद्धतीत ३ नंबर, पांढरी वायर) घट्ट बसते का बघा, ट्रेलरच्या फ्रेमला जिथे अर्थचा बोल्ट आहे तिथला रंग आणि गंज घासून काढा, वर ग्रीस लावा. आपल्याकडे वायरमन हाताला येईल तो रंग जोडतात म्हणून रंगावर विश्वास ठेवू नका, टेस्ट लॅम्प लावूनच खात्री करा.

प्रश्न: ऐरोलीहून. मित्राची छोटी कॅराव्हॅन घेऊन निघालो होतो, भरून अकराशे किलो, नोज वेट बरोबर ११० होतं, मोजून घेतलं होतं. ऐनवेळी मागच्या रॅकवर स्कूटर चढवली. पडघ्याच्या पुढे ८५ च्या स्पीडला एका कंटेनरनं ओव्हरटेक केलं आणि ट्रेलर डावी-उजवीकडे झुलायला लागला. मी ब्रेक मारला तर आणखीनच झुलला. नशिबानं वाचलो. काय करायला हवं होतं?

उत्तर: सुखरूप आहात हे वाचून बरं वाटलं. झुलायला लागलं की अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ घट्ट धरायचं, झोक्याच्या उलट फिरवून सावरायला जायचं नाही, आणि पायाचा ब्रेक मारायचा नाही. ब्रेकनं गाडी हळू होते, ट्रेलर मात्र मागून तिरका ढकलत राहतो आणि गाडीची शेपटी बाजूला फेकतो. स्पीड वाढवून सरळ करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. इलेक्ट्रिक ब्रेक असेल तर कंट्रोलरचा हाताचा लिव्हर दाबा, फक्त ट्रेलरचे ब्रेक लागले की तो मागे ताणला जाऊन सरळ होतो.

कंटेनरनं फक्त निमित्त दिलं. मोठं वाहन बाजूनं जाताना आधी हवेनं ढकलतं, मग ओढून घेतं, ते रोजचंच आहे. कारण स्कूटर. ती १०० किलोची धरा, ट्रेलरच्या अ‍ॅक्सलपासून ३ मीटर मागे, आणि बॉल अ‍ॅक्सलच्या ४ मीटर पुढे. तर बॉलवरचे ७५ किलो तिनं उचलून घेतले. ११० चे राहिले ३५, ट्रेलर झाला बाराशेचा, म्हणजे तीन टक्केसुद्धा नाही. वर एवढं वजन अगदी टोकाला, एकदा झुललं की थांबायला मागत नाही. शिवाय ६० वरून ८० वर गेलात की थांबवायची ऊर्जा पावणेदोन पटीच्या वर जाते, म्हणून समृद्धीवर गाड्यांना १२० ची परवानगी असली तरी ट्रेलर जोडून ८० च्या आत राहा.

स्कूटर घरी ठेवा. जड सामान अ‍ॅक्सलच्या वर आणि खाली जमिनीलगत, पाण्याची टाकी पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी, अर्धी ठेवली की पाणी डचमळतं. सामान हलवलं की नोज वेट पुन्हा मोजा. सपाट जागेवर कपलरखाली लाकडाचा ठोकळा आणि त्याखाली बाथरूमचा वजनकाटा, उंची हिचच्या बॉलइतकीच, त्याच्या मर्यादेत वजन असेल तर आकडा चांगला कळतो. आणि यावेळी ट्रेलर एवढा झुललाय तर कपलरचं कुलूप आणि हिचचे बोल्ट बघून घ्या, चाकांचे नट टॉर्क रेंचनं कसा आणि ५० ते १०० किलोमीटर चालवल्यावर परत एकदा कसा.