आठ संघ, एक मैदान: सेमीफायनल लावायची की आयपीएलसारखे क्वालिफायर?

तुमच्या लीग कमिटीचा प्रश्न थोडक्यात असा आहे: टेनिस बॉलची लीग, आठ संघ, एकच मैदान, हातात पाच रविवार. साखळीत प्रत्येक संघ प्रत्येकाशी एकदा खेळणार. त्यानंतर काय, यावरून कमिटीत तीन तट पडलेत. एकाला सरळ सेमीफायनल हवी, दुसऱ्याला आयपीएल पॅटर्न, आणि तिसरा म्हणतो प्रो कबड्डीसारखे सहा संघ वर घ्या, म्हणजे कुणी नाराज होणार नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. सगळे आठ संघ एकाच गुणतक्त्यात असतील तर आयपीएल पॅटर्न. ऐनवेळी दोन गट पाडायची वेळ आली तर सेमीफायनल. आठातले सहा वर घेणं दोन्हीकडे चूक.

कारण असं की बाद फेरीचा प्रकार ठरवताना आपण खरं तर साखळीची किंमत ठरवत असतो. चार रविवार उन्हात खेळून पहिला आलेल्या संघाला त्या पहिल्या नंबराचं नेमकं काय मिळणार? सेमीफायनलमध्ये एवढंच मिळतं, की समोर चौथा संघ येतो. एक खराब सकाळ, आणि खेळ खलास.

आयपीएलनेही पहिले तीन मोसम, २००८ ते २०१०, सेमीफायनलच ठेवली होती. २००९ मध्ये दिल्ली १४ सामन्यांत २० गुण घेऊन पहिली आली आणि डेक्कन चार्जर्स १४ गुणांवर चौथी. सेंच्युरियनच्या सेमीफायनलमध्ये डेक्कनच्या गिलख्रिस्टने ३५ चेंडूंत ८५ धावा कुटल्या, दिल्ली घरी गेली आणि डेक्कनने पुढे चषकही उचलला. डेक्कनने चूक काहीच केली नाही. पण महिनाभरात कमावलेली सहा गुणांची आघाडी एका संध्याकाळी शून्यावर आली, हेही खरं. २०११ पासून क्वालिफायर आणि एलिमिनेटर आले. ही युक्ती क्रिकेटवाल्यांची नव्हे, ऑस्ट्रेलियन फुटबॉलची. व्हिक्टोरियातल्या लीगमध्ये १९३१ पासून ती चालू होती आणि तिथे तिला पेज पद्धत म्हणतात.

रचना बहुतेकांना माहीत आहे, तरी एकदा मांडतो. पहिला विरुद्ध दुसरा हा क्वालिफायर १, जिंकणारा थेट फायनलला. तिसरा विरुद्ध चौथा हा एलिमिनेटर, हरणारा बाहेर. क्वालिफायर १ मध्ये हरलेला आणि एलिमिनेटर जिंकलेला यांच्यात क्वालिफायर २, त्यातला विजेता फायनलचा दुसरा संघ. एकूण चार सामने, म्हणजे सेमीफायनलपेक्षा फक्त एक जास्त.

त्या एका सामन्याने काय बदलतं ते आकड्यांत बघा. समजा पहिला संघ कुणाशीही खेळला तरी शंभरात साठ वेळा जिंकतो. सेमीफायनल पद्धतीत त्याला लागोपाठ दोन सामने जिंकायचेत: ०.६ गुणिले ०.६, म्हणजे ३६ टक्के. पेज पद्धतीत तो सरळ वाटेने ३६ टक्के वेळा जिंकतोच, शिवाय क्वालिफायर १ हरून मागच्या दाराने येण्याची वाट आहे: ०.४ गुणिले ०.६ गुणिले ०.६, म्हणजे आणखी १४.४. बेरीज ५०.४. चारही संघ अगदी तुल्यबळ धरले, तरी पहिल्या दोघांना प्रत्येकी साडेसदतीस टक्के आणि खालच्या दोघांना साडेबारा. सेमीफायनलमध्ये चौघांनाही पंचवीस-पंचवीस.

प्रत्यक्षातही तसंच घडलंय. २०११ ते २०२५ या पंधरा मोसमांत बारा वेळा क्वालिफायर १ जिंकणाऱ्यानेच चषक नेला. दोनदा, २०१३ आणि २०१७ मध्ये, मुंबईने क्वालिफायर १ हरून नंतर बाजी मारली. एलिमिनेटरमधून येऊन जिंकणारा संघ एकच, २०१६ चा हैदराबाद.

आता आक्षेप. या पद्धतीला दोन कमकुवत बाजू आहेत आणि त्या कमिटीला आधीच सांगून ठेवलेल्या बऱ्या.

एक, फायनल शिळी होते. त्याच पंधरा मोसमांत बारा वेळा फायनलला तेच दोन संघ आले जे क्वालिफायर १ मध्ये भिडले होते. दुसरी बाजू पुणेकरांना वेगळी सांगायला नको. २०१७ मध्ये रायझिंग पुणेने मुंबईला साखळीत दोनदा हरवलं, वानखेडेवर क्वालिफायर १ मध्ये तिसऱ्यांदा हरवलं, आणि हैदराबादच्या फायनलमध्ये १३० चं लक्ष्य असताना एका धावेने चषक गमावला. ज्याला तीनदा पाडलं त्यालाच चौथ्यांदा संधी, हे कुठल्या न्यायात बसतं, हा सवाल रास्त आहे. उत्तर एवढंच, की ती दुसरी संधी कुणाला मिळणार हे साखळीने ठरवलेलं असतं. पुण्याने क्वालिफायर १ गमावला असता तर तीच संधी पुण्याला मिळाली असती.

मग पहिल्या संघाला थेट फायनललाच का बसवू नये, असंही कुणीतरी म्हणेल. महिलांच्या डब्ल्यूपीएलमध्ये तसंच आहे: पाच संघ, पहिला थेट फायनलला, दुसरा-तिसरा एलिमिनेटर खेळणार. २०२३, २०२४ आणि २०२५ या पहिल्या तिन्ही मोसमांत दिल्ली पहिली आली आणि तिन्ही फायनल हरली. तीन सामन्यांवरून सिद्धांत मांडू नये, पण तुमच्याकडे बाद फेरी एकाच दिवशी आहे. दिवसभर मांडवात बसून साडेतीनला पॅड बांधणारा संघ आणि एलिमिनेटर जिंकून तापलेला संघ, यात आराम फायद्याचा ठरेलच असं नाही.

सहा संघांचा मुद्दा लवकर संपवतो. प्रो कबड्डीत २०१९ पासून अनेक मोसम सहा संघ वर जायचे, पहिले दोन थेट सेमीफायनलला. पण तिथे संघ बारा. तुम्ही आठातले सहा घेतलेत तर अठ्ठावीस सामने खेळवून फक्त दोघांना घरी पाठवणार. तीन सामने जिंकले की जागा जवळपास पक्की, मग सहाव्या-सातव्या फेरीला अर्धे संघ नऊच गडी घेऊन येतील. नाराजी टाळायची म्हणून काढलेली ही युक्ती, आणि त्यात साखळीच फुकट जाते.

दोन गट पाडलेत तर मात्र पेज पद्धत लावू नका. ही चूक सर्रास होते. गट अ चा पहिला आणि गट ब चा पहिला यांना क्वालिफायर १ मध्ये घालतात, पण ते दोघे मिळून स्पर्धेतले पहिले दोन आहेत हे सांगणारा तक्ताच नसतो. लॉट टाकताना सगळे तगडे संघ एका गटात गेले, तर त्या गटाचा दुसरा संघ दुसऱ्या गटाच्या पहिल्यापेक्षा भारी असू शकतो. तिथे अ-१ विरुद्ध ब-२ आणि ब-१ विरुद्ध अ-२ अशी उलटसुलट सेमीफायनलच बरी. तिलाही एक कीड आहे: समोरच्या गटाचा निकाल आधी लागला असेल, तर आपण पहिलं यावं की दुसरं याचा हिशेब संघ करू लागतात. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिला दुहेरी बॅडमिंटनच्या चार जोड्या याच हिशेबापायी मुद्दाम हरायला खेळल्या आणि स्पर्धेबाहेर काढल्या गेल्या. एकाच तक्त्याच्या पेज पद्धतीत हा मोह उरत नाही, कारण वरची प्रत्येक जागा खालच्यापेक्षा वाईट कधीच नसते. पहिला-दुसरा तेवढे सारखे, आणि तिसरा-चौथाही. ते एकमेकांशीच खेळणार असतात.

आता तुमचं वेळापत्रक. आठ संघांच्या सात फेऱ्या, प्रत्येक फेरीत चार सामने. टेनिस बॉलवर एका षटकाला साडेचार मिनिटं धरा. सहा षटकांचा सामना मधल्या वेळेसह ६५ मिनिटांत बसतो. दिवसाला दोन फेऱ्या म्हणजे आठ सामने, पावणेनऊ तास. साडेसातला पहिला चेंडू पडला तर सव्वाचारपर्यंत आटोपतं. आठ षटकांचे सामने ठेवलेत तर शेवटचा अंधारात जाईल. तीन रविवारी सहा फेऱ्या, चौथ्या रविवारी फक्त सातवी. तिच्यात दुसरं काही कोंबू नका, पावसाने किंवा लग्नाने अडलेले सामने तिथेच भरून काढायचेत.

जोड्या लावायला संघ क्रमांक १ जागेवर ठेवा आणि बाकीचे घड्याळाच्या दिशेने एकेक घर सरकवा. पहिली फेरी १-८, २-७, ३-६, ४-५. दुसरी १-७, ८-६, २-५, ३-४. याच क्रमाने खेळवलंत तर पहिल्या फेरीच्या शेवटच्या सामन्यात खेळलेले ४ आणि ५ दुसऱ्या फेरीच्या पहिल्या सामन्यात येत नाहीत, त्यामुळे कुणाला लागोपाठ खेळावं लागत नाही.

पाचव्या रविवारी सामने आठ षटकांचे करा. चारच आहेत, वेळ पुरतो, आणि सामना थोडा लांबला की एका षटकात सगळं उलटण्याची शक्यता कमी होते. आठ वाजता क्वालिफायर १, नऊ-चाळीसला एलिमिनेटर, साडेबाराला क्वालिफायर २, साडेतीनला फायनल. पहिल्या दोन सामन्यांची अदलाबदल करू नका. क्वालिफायर १ आधी झाला की त्यात हरलेल्याला तीन तासांची विश्रांती मिळते, एलिमिनेटर जिंकणाऱ्याला जेमतेम दीड तास. हा पक्षपात नाही. वरच्या नंबराचं ते बक्षीसच आहे. वाटल्यास आणखी एक बक्षीस द्या: बाद फेरीत नाणेफेक नकोच, तक्त्यात वर असलेल्याने ठरवावं आधी फलंदाजी करायची की गोलंदाजी.

भांडण मात्र बाद फेरीत होणार नाही. ते चौथ्या रविवारी दुपारी, धावगतीवरून होईल. सात सामन्यांच्या साखळीत समान गुण येणारच. नियम असा ठेवा: आधी गुण, मग दोनच संघ समान असतील तर त्यांच्यातला सामना, तीन किंवा जास्त असतील तर सरळ निव्वळ धावगती, म्हणजे आपल्या षटकामागच्या धावा उणे समोरच्यांच्या. आणि धावगती काढताना दोन चुका हमखास होतात. समजा एका संघाने ६ षटकांत ७२ केल्या आणि समोरचा ४.३ षटकांत ४८ वर सर्वबाद झाला. सर्वबाद संघाची षटकं पूर्ण सहाच धरायची, म्हणजे त्यांची गती ८ आणि जिंकणाऱ्याची निव्वळ धावगती अधिक ४. स्कोअररने ४.३ तसंच ठेवलं तर ती अधिक १ च्याही खाली घसरते आणि एखाद्याचा चौथा नंबर उडतो. दुसरी चूक, ४.३ म्हणजे चार षटकं तीन चेंडू, म्हणजे साडेचार. कॅल्क्युलेटरवर ४.३ ने भागायचं नसतं. यशस्वी पाठलागात हे लागतंच. पुढे चाल मिळालेला सामना धावगतीत धरूच नका, फक्त गुण द्या.

एकाच मैदानावर शेवटची फेरी एकाच वेळी खेळवता येत नाही. १९८२ च्या विश्वचषकात पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रियाने दोघांनाही पुरेशा १-० वर सामना रेंगाळत ठेवला, तेव्हापासून फुटबॉलवाले गटाचे शेवटचे सामने एकाच वेळी लावतात. तुमच्याकडे शेवटी खेळणाऱ्याला किती षटकांत जिंकायचंय ते नेमकं कळणार, त्याला इलाज नाही. निदान सातव्या फेरीतल्या चार सामन्यांचा क्रम लीग सुरू होण्याआधीच चिठ्ठीने ठरवून ग्रुपवर टाका. आयत्या वेळी कमिटीने ठरवला तर आरोप होणारच.

कागदावर आणखी तीन गोष्टी हव्यात. बरोबरी झाली तर सुपर ओव्हर, तीही बरोबरीत सुटली तर पुन्हा सुपर ओव्हर. सामना होऊच शकला नाही तर तक्त्यात वरचा संघ पुढे. फायनलसाठी मात्र पुढचा रविवार राखून ठेवा. आयपीएलची २०२३ ची फायनलही राखीव दिवशी ढकलावी लागली होती. आणि साखळीतल्या पहिल्या संघाला वेगळा छोटा चषक द्या. आयएसएल या फुटबॉल लीगने तशी शील्ड ठेवली होती. २०१९-२० मध्ये ती पहिल्यांदा दिली तेव्हा एफसी गोवाने जिंकली, सेमीफायनलला चेन्नईयिनकडून हरूनही. त्या शील्डवरच त्यांना आशियाई चॅम्पियन्स लीगचं तिकीट मिळालं. रोख बक्षिसातले दहा-पंधरा टक्के तिकडे वळवलेत तरी पुरे.

टेनिस बॉलचा स्वतःचा रोग राहिलाच. साखळी गावच्या पोरांनी खेळायची आणि पाचव्या रविवारी दोन भाड्याचे बॅट्समन उतरवायचे. साखळीतले किमान तीन सामने खेळलेलाच बाद फेरीत खेळेल, असा नियम लिहून लॉट टाकण्याआधी आठही कप्तानांच्या सह्या घ्या. आणि तीन सामने खेळला की नाही हे सिद्ध करायला पहिल्या रविवारपासून प्रत्येक सामन्याच्या स्कोअरशीटचा, अकरा नावांसकट, फोटो काढून ठेवा.