एकच ‘हू’ आणि आपले दोन शब्द : ‘जो’ व ‘कोण’

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रांचा रोख इंग्रजी मिश्र वाक्यांवर, विशेषतः ‘हू’, ‘व्हिच’, ‘व्हॉट’, ‘व्हेअर’ अशा शब्दांनी सुरू होणाऱ्या गौण वाक्यांवर आहे. त्यांतील निवडक प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : ‘द बॉय हू आय मेट हिम येस्टर्डे, ही इज माय क्लासमेट’ असे वाक्य मी लिहिले होते. शिक्षकांनी त्यातले ‘हिम’ आणि ‘ही’ हे दोन शब्द खोडले. अर्थ स्पष्ट असताना ते का खोडावेत?

उत्तर : अर्थ स्पष्ट आहे, कारण आपले वाक्य मुळात मराठी आहे; केवळ शब्द इंग्रजी आहेत. ‘जो मुलगा मला काल भेटला, तो माझा वर्गमित्र आहे’ असे म्हणताना ‘जो’ आला की आपला कान ‘तो’ची वाट पाहतो. जेव्हा–तेव्हा, जिथे–तिथे, जितका–तितका या साऱ्या जोड्या त्याच घडणीच्या आहेत. इंग्रजीतल्या संबंधी वाक्याला असा जोडीदार लागत नाही. तिथे ‘द बॉय’ हाच ‘इज’ या क्रियापदाचा कर्ता आहे आणि ‘ही’ लिहिल्यामुळे एका क्रियापदाला दोन कर्ते होतात. ‘हिम’ची गोष्टही तशीच आहे. ‘मेट’ला जे कर्म हवे ते ‘हू’च्या रूपाने आधीच येऊन बसले आहे, त्यामुळे ‘हिम’ला जागा उरत नाही. खात्री करायची असल्यास गौण वाक्य उचलून बाजूला ठेवावे : एका बाजूला ‘द बॉय इज माय क्लासमेट’ राहते, दुसऱ्या बाजूला ‘हू आय मेट येस्टर्डे’. दोन्हींत कमी काही नाही आणि जास्तही काही नाही.

याच वाक्यात जागेचाही फरक आहे. मराठीत ‘जो’चे वाक्य बहुधा आधी येते आणि ‘काल भेटलेला मुलगा’ अशी आटोपशीर रचना केली तरी विशेषण नामाच्या आधीच राहते. इंग्रजीत मात्र गौण वाक्य नामाच्या मागे, आणि शक्यतो त्याला चिकटून यावे लागते. ‘आय गेव्ह द बुक टू द बॉय व्हिच आय बॉट येस्टर्डे’ असे लिहिले तर वाचणाऱ्याला क्षणभर आपण मुलगाच विकत घेतल्यासारखे वाटते. मराठीत जो, जी, जे ही रूपे नामाचे लिंग सांगतात, म्हणून थोडे अंतर खपून जाते. ‘व्हिच’ला लिंगही नाही आणि वचनही नाही, त्यामुळे शेजार हाच त्याचा आधार.

प्रश्न : ‘व्हेअर डज ही लिव्ह’ हे बरोबर आहे, मग ‘आय डोन्ट नो व्हेअर डज ही लिव्ह’ हे चूक कसे? शब्द तर तेच आहेत.

उत्तर : हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण पुष्कळ वर्षे इंग्रजी वाचणाऱ्यांच्या लेखनातही ही चूक आढळते. इंग्रजीत प्रश्न विचारायचा तर सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी आणतात. ‘डज ही’ हा क्रम ‘मी आता विचारतो आहे’ अशी खूण असतो. ‘आय डोन्ट नो’ म्हणताना आपण काही विचारत नाही, एक माहिती देतो, आणि प्रश्न त्या माहितीचे कर्म होऊन वाक्याच्या पोटात जातो. मग खुणेची गरज संपते आणि साधा क्रम परत येतो : ‘आय डोन्ट नो व्हेअर ही लिव्ह्ज’. ‘डज’ गेल्यावर त्याने उचललेला ‘एस’ क्रियापदाकडे परत येतो, हे मात्र विसरू नये.

मराठीत प्रश्नासाठी शब्दांचा क्रम बदलत नाही. ‘तो कुठे राहतो?’ आणि ‘तो कुठे राहतो ते मला माहीत नाही’ यांत पहिले तीन शब्द जसेच्या तसे राहतात. म्हणून आपल्याला तो तयार तुकडा उचलून ठेवण्याची सवय असते. त्यात ‘की’ची भर पडते. ‘त्याने विचारले की तू कुठे राहतोस’ असे आपण बिनदिक्कत म्हणतो. बोलणाऱ्याचे शब्द, पुरुष आणि काळ यांना हात न लावता ‘की’ त्यांना पुढे आणून सोडतो. या ‘की’चे ‘दॅट’ केले की ‘ही आस्क्ड मी दॅट व्हेअर डू यू लिव्ह’ असे वाक्य जन्माला येते. प्रश्नाचा शब्द स्वतःच दोन वाक्ये जोडतो, म्हणून ‘दॅट’ नको. ‘यू’चा ‘आय’ होतो आणि मुख्य क्रियापद भूतकाळी असल्यामुळे आतले क्रियापदही सहसा मागे सरकते : ‘ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ह्ड’.

प्रश्नचिन्हाचा निर्णय मुख्य वाक्यावर होतो. ‘डू यू नो व्हेअर ही लिव्ह्ज’ याच्या शेवटी ते द्यावे, ‘आय वंडर व्हेअर ही लिव्ह्ज’ याच्या शेवटी पूर्णविराम पुरतो. ‘हू केम’सारख्या प्रश्नात ‘हू’ स्वतःच कर्ता असल्याने क्रम मुळातच साधा असतो. ‘आय नो हू केम’ लिहिताना आपण चुकत नाही याचे कारण तिथे चुकायला वावच नाही.

प्रश्न : ‘ज्याला’ म्हणजे ‘हूम’ आणि ‘जो’ म्हणजे ‘हू’ असे पाठ केले तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही, आणि त्याचा दोष मराठी विभक्तीवर अवलंबून राहण्यात आहे. ‘ज्याला मी ओळखतो’ येथे ‘हूम आय नो’ बरोबर जुळते. पण ‘ज्याला भूक लागली आहे’ याचे इंग्रजी ‘हू इज हंग्री’, ‘ज्याला ही भाषा येते’ याचे ‘हू नोज दिस लँग्वेज’, ‘ज्याच्याकडे वेळ आहे’ याचे ‘हू हॅज टाइम’ आणि ‘ज्याने पत्र लिहिले’ याचे ‘हू रोट द लेटर’. आपल्याकडे भूक ‘लागते’ आणि भाषा ‘येते’, म्हणून माणूस ‘ला’ घेऊन उभा राहतो. इंग्रजीत तोच माणूस कर्ता होतो. तेव्हा मराठी प्रत्यय न पाहता इंग्रजी गौण वाक्यात क्रियापदाला दुसरा कर्ता आहे का, ते पाहावे. असल्यास ‘हूम’, नसल्यास ‘हू’. ‘द मॅन हू आय थिंक इज ऑनेस्ट’ या वाक्यात ‘आय’ दिसतो खरा, परंतु तो ‘थिंक’चा कर्ता आहे, ‘इज’चा नाही, तिथे घाईने ‘हूम’ लिहिणारे पुष्कळ आहेत. रोजच्या बोलण्यात ‘हूम’ मागे पडत चालला आहे आणि त्याच्या जागी ‘हू’ सर्रास चालतो. उलट चूक मात्र ठळक दिसते.

प्रश्न : स्वल्पविराम कधी द्यावा? ‘दॅट’ आणि ‘व्हिच’ यांत फरक काय? आणि हे शब्द गाळता येतात का?

उत्तर : ‘माय ब्रदर हू इज अ डॉक्टर’ असे स्वल्पविरामाशिवाय लिहिले तर भाऊ एकाहून अधिक आहेत आणि त्यांतल्या डॉक्टर भावाविषयी बोलणे चालले आहे, असा अर्थ निघतो. दोन स्वल्पविरामांत घातल्यास भाऊ एकच आणि डॉक्टर असणे ही जाता जाता दिलेली माहिती. मराठीत ‘माझा जो भाऊ डॉक्टर आहे तो’ असे म्हणता येत असेल तर स्वल्पविराम नको, ही ओळखीची खूण मला उपयोगी वाटते. स्वल्पविरामाच्या वाक्यात ‘दॅट’ वापरत नाहीत. बिनस्वल्पविरामाच्या वाक्यात वस्तूंसाठी ‘दॅट’ व ‘व्हिच’ दोन्ही चालतात. तिथे ‘दॅट’च ठेवावा अशी शिफारस इंग्रजी शब्दप्रयोगांचे कोशकार हेन्री फाउलर यांनी १९२६ मध्ये केली होती, परंतु बहुसंख्य लेखक ती पाळत नाहीत हेही त्यांनीच मान्य केले होते. अमेरिकी संपादक ती अधिक काटेकोरपणे पाळतात. गाळण्याचा नियम सोपा आहे : संबंधी शब्द कर्म असेल आणि स्वल्पविराम नसेल, तर गाळता येतो, ‘द लेटर आय रोट’ निर्दोष आहे, ‘द मॅन केम येस्टर्डे इज माय अंकल’ नाही.

प्रश्न : ‘द हाउस आय लिव्ह इन’ असा ‘इन’सारख्या शब्दावर केलेला शेवट अशुद्ध आहे ना?

उत्तर : नाही. कवी जॉन ड्रायडन यांनी १६७२ मध्ये असा शेवट दोष ठरवला, तेव्हापासून ही भीती चालत आली आहे. ‘द हाउस इन व्हिच आय लिव्ह’ हे अधिक औपचारिक, इतकाच फरक. ‘इन दॅट’ मात्र तिथे चालणार नाही.

प्रश्न : ‘व्हॉट’चे नेमके काय करायचे? कधी तो ‘काय’ असतो, कधी ‘जे’.

उत्तर : ‘जो’ आणि ‘कोण’ असे वेगळे शब्द आपल्याकडे आहेत, इंग्रजीत एकच शब्द दोन्ही कामे करतो, ‘व्हॉट’मध्ये ही अडचण सर्वांत दाट आहे. ‘व्हॉट ही सेड इज ट्रू’ म्हणजे ‘तो जे बोलला ते खरे आहे’. येथे ‘जे’ आणि ‘ते’ दोन्ही ‘व्हॉट’च्या पोटात आहेत, म्हणून त्याच्याआधी नाम येत नाही, ‘एव्हरीथिंग व्हॉट ही सेड’ असे न लिहिता ‘एव्हरीथिंग दॅट ही सेड’ किंवा नुसते ‘एव्हरीथिंग ही सेड’ लिहावे. ‘आय आस्क्ड व्हॉट ही सेड’ म्हणजे ‘तो काय बोलला ते मी विचारले’. आणि ‘आय वॉन्ट टू नो व्हॉट ही नोज’ या वाक्याचे दोन अर्थ होतात : त्याला जे माहीत आहे ते मलाही कळावे, किंवा त्याला काय काय माहीत आहे याचा अंदाज यावा. पहिल्याला त्याचे ज्ञान हवे आहे, दुसऱ्याला फक्त त्याची यादी. मराठीत भाषांतर करणाऱ्याला ‘जे’ किंवा ‘काय’ यांतले एक निवडावेच लागते.